'सेलेस्टियल बॉडीज' कशी वाचावी: तीन बहिणी, त्यांची लग्ने आणि ओमान

जोखा अल्हार्थी या ओमानी लेखिकेची 'सय्यिदात अल-कमर' ही अरबी कादंबरी 2010 मध्ये बैरूतच्या दार अल-आदाब या प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केली. मेरिलिन बूथ यांनी 'सेलेस्टियल बॉडीज' या नावाने तिचा इंग्रजी अनुवाद केला. तो स्कॉटलंडमधल्या सँडस्टोन प्रेसने 2018 मध्ये काढला आणि मे 2019 मध्ये त्याला मॅन बुकर आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अरबीतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला हा पुरस्कार मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. पुरस्काराचे 50,000 पौंड नियमाप्रमाणे लेखिका आणि अनुवादिका यांच्यात समसमान वाटले गेले.

पुरस्काराचा शिक्का पाहून अनेकांनी हे पुस्तक विकत घेतले आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी ते पन्नासाव्या पानाच्या आसपास मिटून ठेवले. यात वाचकाचा दोष फारसा नाही. प्रत्येक प्रकरणात नवी माणसे येतात, काळ कधी वीस वर्षे पुढे जातो तर कधी साठ वर्षे मागे, आणि तीन बहिणींच्या लग्नाची गोष्ट म्हणून हाती घेतलेल्या पुस्तकात एक मध्यमवयीन पुरुष विमानात बसून आपल्या बापाविषयी बोलू लागतो. हे पुस्तक वाचण्याची एक रीत आहे आणि ती अवघड नाही. पुढील मजकुरात कोणाचे लग्न कोणाशी झाले आणि त्याचे काय झाले, हे सांगावे लागणार आहे. मात्र अब्दल्लाच्या आईचे काय झाले आणि शेवटी काय घडते, हे सांगितलेले नाही. त्यापलीकडे या कादंबरीत दडवून ठेवण्यासारखे फार थोडे आहे, कारण लेखिकाच पुढचे आधी सांगून टाकते.

सुरुवातीला: एक कागद आणि चार घरे

इंग्रजी आवृत्तीच्या आरंभी वंशावळ छापलेली आहे. तिच्यावर विसंबून न राहता ती एका कागदावर स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावी आणि तोच कागद वाचनखूण म्हणून वापरावा, म्हणजे प्रत्येक वेळी पाने मागे उलटावी लागत नाहीत आणि नावेही लवकर ओळखीची होतात. गोष्ट अल्-अवाफी नावाच्या गावात घडते. कागदावर या गावातली चार घरे मांडावीत. पहिले घर अज्जान आणि सलीमा यांचे, ज्यांच्या मय्या, अस्मा आणि खौला या तीन मुली. दुसरे व्यापारी सुलेमानचे, ज्याचा मुलगा अब्दल्ला हा मय्याचा नवरा होतो. तिसरे ईसाचे. राजकारणात हार झाल्यावर त्याने देश सोडून कैरो गाठले आणि त्याचा चित्रकार मुलगा खालिद पुढे अस्माशी लग्न करतो. चौथे घर झरीफाचे, आणि बहुतेक वाचक नेमके हेच घर मांडायला विसरतात. झरीफा ही सुलेमानच्या वाड्यातली गुलाम स्त्री. तिची आई अनकबूता, तिचा नवरा हबीब आणि तिचा मुलगा संजर ही नावे कागदाच्या कडेला बारीक अक्षरांत न लिहिता इतरांच्या बरोबरीने लिहावीत. ती तशी लिहिली नाहीत, तर कादंबरीचा निम्मा अर्थ हातातून निसटतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मय्या आणि अब्दल्लाची तीन मुले, म्हणजे लंडन, सालिम आणि मुहम्मद, खालच्या ओळीत येतील. लंडन हे मुलीचे नाव आहे. त्याचे कारण पहिल्याच प्रकरणात कळते.

किती इतिहास माहीत असावा

पुस्तक हाती घेण्याआधी ओमानचा संपूर्ण इतिहास वाचण्याची गरज नाही, परंतु चार तारखा माहीत असल्या तर अनेक प्रसंग आपोआप उलगडतात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ओमान प्रत्यक्षात दोन सत्तांखाली होता. मस्कत आणि किनारपट्टीवर सुलतान राज्य करत होता, तर डोंगराळ अंतर्भागात इमामाचा, म्हणजे धर्मप्रमुख शासकाचा, अंमल होता, आणि 1920 च्या सीब करारानंतर दोघे एकमेकांच्या वाटेला फारसे जात नव्हते. पुढे अंतर्भागात तेलाचा शोध सुरू झाला, तेव्हा सुलतान सईद बिन तैमूरने ब्रिटिशांच्या मदतीने इमामाच्या बाजूचा उठाव मोडून काढला. जबल अल्-अख्दरच्या पहाडातला शेवटचा प्रतिकार 1959 च्या आरंभी संपला आणि पराभूत बाजूचे अनेक लोक देशाबाहेर गेले. कादंबरीतला ईसा हा त्यांच्यापैकीच. त्याच्या घरात हरलेल्या लढ्याची सावली का पडलेली आहे, हे ठाऊक असेल तर अस्माच्या वाट्याला आलेला नवरा अधिक चांगला समजतो.

या सुलतानाचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले होते, आणि तरीही त्याच्या देशात 1970 पर्यंत आधुनिक पद्धतीच्या शाळा अवघ्या तीन होत्या. तेलाची निर्यात 1967 मध्ये सुरू झाली. 23 जुलै 1970 रोजी त्याचा मुलगा काबूस याने त्याला पदच्युत करून सत्ता घेतली आणि त्याच वर्षी गुलामगिरी कायद्याने संपली. हे वर्ष कागदाच्या वरच्या कोपऱ्यात ठळकपणे लिहून ठेवावे, कारण कादंबरीतल्या जवळजवळ प्रत्येक माणसाचे आयुष्य या वर्षाने दोन भागांत कापले गेले आहे. माणसांच्या व्यापारावर मस्कतच्या सुलतानाकडून बंदीचा करार 1873 मध्येच करवून घेतला गेला होता. तो घडवून आणणारे सर बार्टल फ्रिअर हे त्यापूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. करार झाला तरी व्यापार चोरून चालू राहिला आणि कादंबरीतला व्यापारी सुलेमान वरकरणी खजुराचा धंदा करतो, तो या पार्श्वभूमीवर. त्याच्या संपत्तीचा खरा उगम कोणता, हे लेखिका एका दमात सांगत नाही. खजुराचा उल्लेख जिथे येईल तिथे वाचकाने जरा थांबावे.

'मी' कोण म्हणतो, याकडे लक्ष

प्रकरणे छोटी आहेत आणि त्यांना व्यक्तींची नावे दिलेली आहेत. अब्दल्लाची प्रकरणे प्रथमपुरुषी आहेत. बाकी सर्वांची, म्हणजे तिन्ही बहिणींचीसुद्धा, तृतीयपुरुषी आहेत. पहिल्या वाचनात हे खटकते. स्त्रियांच्या कादंबरीत 'मी' म्हणण्याचा अधिकार एकट्या पुरुषाला का दिला, असा प्रश्न पडतो आणि तो पडलाही पाहिजे. त्याचे उत्तर मात्र घाईने ठरवू नये. अब्दल्ला फ्रँकफर्टला जाणाऱ्या विमानात अर्धवट झोपेत आहे. एक आठवण दुसरीला ओढून आणते, लहानपण आणि प्रौढपण एकाच परिच्छेदात मिसळते आणि त्याच्या बडबडीत पुन्हा पुन्हा एक विहीर येते. लहान असताना बापाने शिक्षा म्हणून दोराला बांधून त्याला विहिरीत सोडले होते आणि आज स्वतः बाप असलेला हा माणूस अजूनही झोपेत, मला विहिरीत उलटे टांगू नका, अशी विनवणी करतो. ज्याच्याकडे वाडा आहे, पैसा आहे, कायद्याने आणि रूढीने मिळालेले सगळे अधिकार आहेत, तोच या पुस्तकात सर्वांत असहाय आवाजात बोलतो.

बहिणी 'मी' म्हणत नसल्या, तरी त्यांच्या मनात काय चालले आहे हे निवेदक जाणतो. अब्दल्लाला मात्र शेजारी झोपलेल्या बायकोच्या मनातले काहीही कळत नाही. म्हणून मय्याचे एक प्रकरण वाचून झाले की त्याला लागून येणारे अब्दल्लाचे प्रकरण त्याच बैठकीत वाचावे. मय्याला जे ठाऊक आहे आणि अब्दल्लाला जे ठाऊक नाही, त्यांमधले अंतर मोजणे हाच या वाचनाचा खरा आनंद आहे. अब्दल्लाची प्रकरणे गोष्टीतला अडथळा समजून भराभर उरकणारे वाचक हा आनंद स्वतःच गमावतात.

काळाच्या उड्यांविषयी थोडक्यात सांगायचे, तर पहिल्या वाचनात घटनाक्रम लावत बसू नये. एखाद्या प्रकरणाचा काळ कोणता हे कळले नाही, तर त्यात लंडन किती वर्षांची आहे आणि सुलेमान जिवंत आहे की नाही, एवढे पाहावे. तेवढ्याने बहुतेक वेळा काम भागते.

प्रत्येक लग्नाला विचारायचे चार प्रश्न

या कादंबरीत शिरण्याचा सर्वांत सोपा दरवाजा म्हणजे लग्ने. जिथे जिथे लग्न ठरते, तिथे चार गोष्टी टिपाव्यात: प्रस्ताव कोणी आणला, होकार कोणी दिला, कोणाला विचारलेच नाही, आणि या व्यवहारात कोणाच्या पदरात काय पडले.

पहिल्या प्रकरणापासून सुरुवात करू. मय्या शिवणयंत्रावर वाकून बसलेली आहे. अली बिन खलफ नावाचा तरुण लंडनमध्ये काही वर्षे शिकून, पदवी न घेताच परतला आहे. त्याला क्षणभर पाहून ती त्याच्यावर जीव लावून बसली आहे आणि हे तिने देवाखेरीज कोणालाही सांगितलेले नाही. देवाकडेही तिचे मागणे फक्त पुन्हा एकदा दिसण्यापुरतेच आहे. अशात आई येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवते आणि सुलेमानच्या मुलाने मागणी घातल्याचे सांगते. मय्याचे अंग आखडते. शिवणाचा दोरा फासासारखा आपल्या गळ्याभोवती आवळतो आहे, असे तिला वाटते. आई मात्र हसते, कारण तिला ही मुलीची लाज वाटते आणि एवढी लाजण्याचे वय आता उलटून गेले, असे तिचे म्हणणे असते. पुढे या विषयावर घरात कोणी काही बोलत नाही. एक संपूर्ण आयुष्य जेमतेम अर्ध्या पानात ठरून जाते. हे अर्धे पान दोनदा वाचावे. इथे जबरदस्ती नाही, आरडाओरडा नाही, दुष्ट माणूस नाही. आईने मौनाचा अर्थ होकार असा लावला आणि मय्याने तो अर्थ खोडून काढला नाही, एवढेच घडते. पहिल्या मुलीचे नाव लंडन ठेवण्याचा हट्ट मय्या धरते, तेव्हा सारा गाव बुचकळ्यात पडतो. वाचकाला मात्र त्या नावाचे मूळ ठाऊक असते आणि अब्दल्लाला ते ठाऊक नसते.

याच मय्याला अब्दल्ला विचारतो, की तुझे माझ्यावर प्रेम आहे का. त्यावर ती मोठ्याने हसते आणि टीव्हीवरच्या मिसरी सिनेमांनी तुझे डोके खाल्ले काय, अशा अर्थाचे काहीतरी बोलते. हे हसू क्रूर आहे, की थकलेले आहे, की प्रामाणिक? पुस्तक संपेपर्यंत हा प्रश्न उघडा ठेवावा. मय्या पुढे फार झोपते, फार कमी बोलते, आणि मौन हीच माणसाची सर्वांत मोठी कृती आहे असे तिला वाटते. तिला दुबळी ठरवण्याची घाई अनेक समीक्षणांत दिसते. मला ती या पुस्तकातली सर्वांत अभेद्य व्यक्ती वाटते.

अस्माचा प्रस्ताव वेगळ्या वाटेने येतो. ईसाचे दोन मुलगे अस्मा आणि खौला या दोघींना एकदमच मागणी घालतात. अस्मा पुस्तके वाचणारी. ती विचार करून होकार देते आणि त्या होकारात खालिदपेक्षा आई होण्याची ओढ अधिक असते. खालिद घोड्यांची चित्रे काढतो आणि बायकोने आपल्या कक्षेत फिरावे, अशी त्याची अपेक्षा असते. अस्मा हळूहळू स्वतःची कक्षा आखून घेते. तिला चौदा मुले होतात. आधुनिक वाचकाला हा आकडा पराभवाचा वाटण्याची शक्यता आहे. तसा निष्कर्ष काढण्यापूर्वी तिन्ही बहिणींपैकी कोणाच्या लग्नात दोन माणसे शेजारी राहूनही आपापली जागा सांभाळू शकली, हे तपासून पाहावे.

खौला तोच प्रस्ताव नाकारते. तिला चुलतभाऊ नासिरची वाट पाहायची आहे. लहानपणी दोघे एकमेकांचे म्हणून ठरले होते आणि नासिर कॅनडाला शिकायला गेला, तो तिकडेच रमला. तो अखेर परततो आणि लग्न करतो, पण या लग्नावर त्याच्या आईच्या वारशाची अट बांधलेली असते. लग्नानंतर थोड्याच दिवसांत तो पुन्हा कॅनडाला, तिथल्या मैत्रिणीकडे जातो. अधूनमधून येतो, खौलाच्या पदरात आणखी एक मूल पडते, आणि तो परत जातो. कितीतरी वर्षांनी तो कायमचा घरी येतो आणि बऱ्यापैकी चांगला नवरा होतो. आता सगळे सुरळीत झाले असे वाटत असताना, मुले मोठी झाल्यावर, खौला घटस्फोट मागते आणि मस्कतमध्ये स्वतःचे ब्युटी सलून काढते. इथे चौथा प्रश्न नीट विचारावा. प्रेमविवाह करणारी ही एकटी बहीण, आणि हिशेब मागणारीही तीच. तिने हिशेब इतक्या उशिरा का मागितला, यावर चार वाचकांची चार मते होतात आणि चारही मतांना पुस्तकात आधार सापडतो.

आता आईबापांकडे वळावे. सलीमा ही शेखांच्या घरातली मुलगी, पण बाप गेल्यावर काकाच्या वाड्यात वाढलेली. तिथे ती ना मालकीण होती ना गुलाम. स्वयंपाकघराच्या भिंतीशी बसून तिने गुलाम बायकांची गाणी ऐकली, परंतु त्यांच्यात मिसळण्याची तिला मुभा नव्हती. मुलींच्या लग्नांविषयी तिचा जो करडा व्यवहारीपणा दिसतो, त्याचे मूळ त्या भिंतीशी आहे. तिचा नवरा अज्जान याला अरबी काव्याचे वेड. तो वाळवंटातल्या नजिया नावाच्या बेदुइन, म्हणजे भटक्या अरब टोळीतल्या, स्त्रीच्या प्रेमात पडतो. तिला लोक कमर, म्हणजे चंद्र, म्हणतात. या नात्यात पुढाकार नजियाचा आहे. तिला अज्जान हवा आहे, नवरा नको आहे. चार प्रश्नांपैकी एकही तिला लागू पडत नाही आणि म्हणूनच तिचे काय होते, ते लक्ष देऊन वाचावे.

आणि झरीफा. अब्दल्लाची आई तो तान्हा असतानाच गेली. त्याला वाढवले झरीफाने, आणि तीच सुलेमानची शय्यासोबतीणही होती. तिचे लग्न मालकाच्या मर्जीने हबीबशी लागले. हबीबला लहानपणी मकरानच्या किनाऱ्यावरून पळवून आणले होते. आपण जन्माने स्वतंत्र आहोत, चोरून आणलेले आहोत, हे तो कधीच विसरला नाही आणि एके दिवशी तो निघून गेला. त्याचा मुलगा संजर तेच वाक्य कायद्याच्या भाषेत बोलतो. सुलेमानने तुला वाढवले, शिकवले, तुझे लग्न लावून दिले, असे झरीफा संजरला ऐकवते. त्यावर त्याचे उत्तर असते, की हे सारे त्याने स्वतःच्या सोयीसाठी केले, बायकामुलांसह आपण त्याची चाकरी करावी म्हणून केले. दुसरीकडे, मरणपंथाला लागलेला सुलेमान भ्रमात ओरडतो, की त्या चोर संजरला अंगणातल्या खांबाला बांधा. सरकारने गुलामांना केव्हाच मुक्त केले, असे अब्दल्ला त्याला सांगू पाहतो. म्हातारा भडकतो. त्याने झरीफाला चांदीची नाणी मोजून विकत घेतलेले असते, मग सरकारचा त्यात संबंध काय, असा त्याचा सवाल असतो.

हे दोन्ही प्रसंग सापडले, की पान दुमडून ठेवावे आणि पहिल्या प्रकरणातले मय्याचे अर्धे पान त्यांच्याशेजारी ठेवून वाचावे. मय्याची मागणी आणि झरीफाची खरेदी एकच आहे, असे लेखिका कुठेही म्हणत नाही आणि वाचकानेही तसे म्हणू नये, कारण तसे म्हटले तर झरीफाच्या यातना हलक्या होतात. दोन्ही व्यवहार एकाच वाड्यात, एकाच माणसाच्या संपत्तीवर झाले, एवढे ध्यानात असले तरी पुरे. तीन बहिणींपुरते वाचले तर ही एका गावातल्या कुटुंबाची गोष्ट राहते. झरीफाला त्यांच्या रांगेत बसवले, की मय्याला मिळालेल्या सुखवस्तू संसाराची किंमत आधीच कोणीतरी मोजली होती, हे दिसू लागते.

अनुवाद वाचताना

झरीफाच्या तोंडी सतत म्हणी असतात. त्या ओलांडून पुढे जाण्याचा मोह होतो, पण तिला जे उघड बोलण्याची सोय नाही ते ती म्हणींतून बोलते, म्हणून तिच्या म्हणी मोठ्याने वाचाव्यात आणि ती त्या कोणाला उद्देशून म्हणते आहे ते पाहावे. अज्जानच्या प्रकरणांत जुन्या कवींच्या ओळी येतात. लेखिकेने एडिंबरा विद्यापीठात अभिजात अरबी काव्यावर संशोधन करून डॉक्टरेट मिळवलेली आहे आणि ती मस्कतच्या सुलतान काबूस विद्यापीठात शिकवते, त्यामुळे या ओळी सजावटीसाठी आलेल्या नाहीत. कवींची चरित्रे शोधत बसण्याची मात्र आवश्यकता नाही. पहिल्या वाचनात ओळीचा भाव कळला तरी चालतो.

अनोळखी रीतिरिवाज दिसला, की लगेच इंटरनेटवर शोध घेण्याची सवय इथे आवरावी. मय्या बाळंत होते तेव्हा झरीफा रात्री गावाबाहेर जाऊन एका जिन्नीसाठी अन्नाचे ताट ठेवून येते. ही जिन्न स्त्री कोण, तिचा बाळंतिणीशी काय संबंध, हे त्या प्रकरणातच पुरेसे सांगितलेले आहे. कोशातली माहिती मिळवण्यापेक्षा हे अधिक महत्त्वाचे आहे, की मय्याने मस्कतच्या दवाखान्यात जाऊन बाळंत होण्याचा आग्रह धरला, आपण उभ्याने, एक हुंदका न काढता बाळंत झालो याचा अभिमान बाळगणारी तिची आई त्यामुळे दुखावली, आणि त्याच बाळासाठी झरीफा ताट घेऊन अंधारात निघाली. तीन बायकांचे तीन काळ इथे एका आठवड्यात गाठले जातात.

वाचनमंडळात हे पुस्तक घ्यायचे असेल तर

एका बैठकीत हे पुस्तक उरकण्याचा प्रयत्न करू नये. पहिली बैठक वंशावळ आणि पहिली काही प्रकरणे यांच्यापुरती ठेवावी, म्हणजे नावांनी गोंधळलेले सदस्य गळत नाहीत. पुढच्या बैठकीसाठी प्रत्येकाकडे एकेक लग्न सोपवावे आणि त्याने त्या लग्नाची बाजू पुस्तकातल्या प्रसंगांच्या आधारे मांडावी. मत मांडताना पानाचा आधार द्यायचा, एवढा नियम कडक ठेवावा. तो ठेवला नाही, तर चर्चा अरब स्त्रियांची स्थिती या सर्वसाधारण विषयावर घसरते आणि पुस्तक बाजूला राहते. लंडनचे लग्न शक्यतो मंडळातल्या सर्वांत तरुण सदस्याला द्यावे. ती डॉक्टर होते, स्वतःच्या पसंतीच्या कवी तरुणाशी विवाहाचा करार करते, तो तिच्यावर हात उगारतो आणि ती तो करार मोडते. आजीच्या पिढीपासून नातीपर्यंत निवडीचे स्वातंत्र्य वाढत गेले, हे खरे. त्याबरोबर सुख वाढले का, यावर भांडण झाले तर होऊ द्यावे.

दुसऱ्यांदा वाचताना

पुस्तक आवडले असेल तर थोडे दिवस जाऊ देऊन ते पुन्हा घ्यावे, पण या वेळी फक्त अब्दल्लाची प्रकरणे ओळीने वाचावीत. मधली सारी प्रकरणे वगळल्यावर विमानातला तो एकच अखंड प्रवास उरतो आणि पहिल्या वेळी निसटलेल्या खुणा दिसू लागतात. त्याच्या आईने अंगणातले सब्ज्याचे झुडूप उपटले होते, ही गोष्ट कितीदा येते, दर वेळी ती कोण सांगते आणि सांगताना तिच्यात काय बदलते, याची नोंद ठेवावी. विहीर, झुडूप आणि मुलगा मुहम्मद या तीन गोष्टींवर लक्ष ठेवले, तर अखेरच्या पानांवरचा संदिग्ध प्रसंग आपल्यापुरता ठरवता येतो. मुहम्मद स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे आणि त्याच्याशी वागताना अब्दल्ला आपल्या बापासारखा होतो की होत नाही, हा या दुसऱ्या वाचनाचा मुख्य प्रश्न आहे.

त्यानंतर याच लेखिकेची 'बिटर ऑरेंज ट्री' घ्यावी. मूळ अरबी कादंबरी 2016 ची, तिला ओमानचा सुलतान काबूस पुरस्कार मिळालेला आहे आणि तिचा इंग्रजी अनुवादही मेरिलिन बूथ यांनीच केला असून तो 2022 मध्ये आला. तिथे ब्रिटनमध्ये शिकणारी एक ओमानी तरुणी आपल्याला आजीच्या मायेने वाढवणाऱ्या बाईची आठवण काढत राहते. त्या बाईचे लग्न कधी झालेच नाही, तेव्हा चार प्रश्न तिला विचारता येत नाहीत. ते त्या तरुणीच्या बहिणीच्या संसाराला विचारावेत, आणि वंशावळीचा कागद या वेळी पहिल्या पानापासूनच सोबत ठेवावा.